सही पितृपक्षानंतर

कुणी म्हातारं माणूस कागद करायला आलं की मी सगळ्यात आधी त्याच्याबरोबर आलेल्यांना बाहेर काढायची. मुलगा, सून, भाचा, शेजारचे गुप्ताजी, जे कुणी असतील ते. जिन्याच्या तोंडाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या, तिथे त्यांना बसवायची. लोकांना राग यायचा. "हम तो घर के हैं मॅडम," म्हणायचे. घरचे आहात म्हणूनच बाहेर बसा, असं मी सांगायची. मग दार लावून म्हाताऱ्याला तीन प्रश्न. आज इथे कशासाठी आलात? घरी कोण कोण असतं? हा कागद केल्यावर काय होईल? तिन्हींची उत्तरं त्याच्या स्वतःच्या शब्दांत आली तर पुढे जायचं, नाहीतर चहा पाजून परत पाठवायचं. माझ्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा धंदा एकेकाळी या परत गेलेल्यांवर बरा चालला होता.

या अंकासाठी संपादकांनी वकिलीतले थरारक अनुभव मागितले होते. त्यांची निराशा होणार आहे. मी आयुष्यात खुनाचा खटला लढवला नाही, साक्षीदाराला घाम फोडला नाही. मी कागद केले. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, मुखत्यारपत्रं. यजमान एका मंत्रालयात होते, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर होतं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर काम चालायचं आणि आमटीचे डाग टाळत मसुदे लिहावे लागायचे. पुढे मुनिरकात दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. खाली झेरॉक्सचं दुकान. दिवसभर विद्यार्थी भाडेकरार घेऊन यायचे, ते माझं पोट भरायचे. म्हातारी माणसं अधूनमधून यायची आणि डोकं खायची. दिल्लीतले मराठी लोक माझ्याकडे यायचे ते मराठीत बोलता येईल म्हणून. तिसऱ्या वाक्याला हिंदीवर घसरायचे, पण समाधान व्हायचं.

आता धंद्याची एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीने तू कर, असं लिहून देणं. दिल्लीत मात्र या कागदाला भलताच वास आहे. इथे वर्षानुवर्षं अर्ध्या वसाहतींमधली घरं खरेदीखत न करता मुखत्यारपत्रावरच विकली गेली. पुढे कोर्टाने ते बंद केलं, पण लोकांच्या मनातून गेलं नाही. तुम्ही 'पॉवर ऑफ अटॉर्नी' म्हणा, दिल्लीवाला 'मकान गेलं' असंच ऐकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि ती शिकल्यासवरल्यांनाही ठाऊक नसते. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की तो कागद मरतो. काही देशांत असा कागद करता येतो की तो माणसाचं भान गेल्यावरही चालतो, किंबहुना तेव्हाच कामाला लागतो. आपल्याकडे उलटं. जेव्हा खरी गरज, तेव्हाच छत्री बंद. म्हणून भान शाबूत असतानाच दुसरे कागद करून ठेवावे लागतात: घरासाठी न्यास, म्हणजे ट्रस्ट, जो मालकाचं डोकं फिरलं तरी चालू राहतो; आणि आजारपणात माझ्याबद्दल निर्णय कुणी घ्यायचा, मला कुठे ठेवायचं, हे सांगणारा वैद्यकीय निर्देश. हे नसेल तर वरच्या कोर्टात जाऊन पालक नेमून आणावा लागतो. सत्तरीच्या नवऱ्याला पालक! घरातल्या सगळ्यांची संमती असली तरी काही महिने जातात. एकाने नाही म्हटलं तर किती वर्षं, ते विचारू नका.

चमत्कारिक गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली. एकजण आईला घेऊन आला तो तिचा अंगठा घरूनच निळा करून. "टाइम बचेगा," म्हणाला. म्हातारी बिचारी तो अंगठा साडीला लागू नये म्हणून हवेत धरून दोन जिने चढली होती. दुसऱ्या एका गृहस्थांना तिन्ही मुलांना मिळून अधिकार द्यायचा होता, तिघांच्या सह्या असल्याशिवाय पान हलता कामा नये. तिघं तीन वेगवेगळ्या ऑटोंतून आले आणि एकाच बाकावर बसेनात. मी त्या गृहस्थांना म्हटलं, अहो, यांची एक सही मिळायची मारामार, तिन्ही कुठून आणू? ते म्हणाले, "तेच तर पाहिजे. म्हणजे काहीच होणार नाही." मला त्या माणसाची हुशारी अजून आवडते.

पण लिहायचं आहे ते सबनिसांबद्दल.

मुकुंद सबनीस केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, द्वारकेत स्वतःचा फ्लॅट. पहिली बायको वसुधा कॅन्सरने गेली तेव्हा मुलगा समीर कॉलेजात होता. दोन वर्षांनी त्यांनी कुंदाताईंशी लग्न केलं. त्याही विधवा, पदरात दहा वर्षांची मुलगी. आता ती मुलगी पुण्यात, संसारात. समीर गुरुग्रामला एका कंपनीत. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, तरी समीर कुंदाताईंना 'आंटी' म्हणायचा आणि त्या त्याला 'अहो समीर'. भांडण कधीच नाही. दुसऱ्या लग्नाच्या घरांत मी हे खूपदा पाहिलं आहे. जिथे भांडणं होतात तिथे कागद नसला तरी काहीतरी निभतं. जिथे वीस वर्षं सगळे एकमेकांशी सभ्यपणे वागत आलेत, तिथे कागद आधी करावा.

गौरी-गणपती उठले त्या आठवड्यात दोघं आले. सबनीस गोष्टी विसरायला लागले होते. गॅसवर दूध, सोसायटीचा मजला, असं. त्यांनी स्वतःच यायचं ठरवलं होतं. कुंदाताईंना मी जिन्यात बसवलं. त्या मुकाट्याने बसल्या, उलट दार त्यांनीच ओढून घेतलं.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मी आणि कुंदा. समीर येतो अधूनमधून, घड्याळाकडे बघत बसतो. वकीलबाई, तुमच्या टेबलावरच्या या नमुन्यात 'सदर' हा शब्द एका पानात अकरा वेळा आलाय."

मोजले तर खरंच अकरा. पैकीच्या पैकी मार्क.

त्यांना काय हवं ते त्यांना अगदी स्वच्छ माहीत होतं. घर शेवटी समीरचं, पण कुंदाताई हयात असेपर्यंत त्यांना तिथून कुणी उठवायचं नाही. आणि आपलं डोकं गेलं तर आपल्याबद्दल निर्णय कुंदाने घ्यायचा, समीरने तिला मदत करायची. "मला गुरुग्रामला नेऊन एकविसाव्या मजल्यावर ठेवू नका, एवढं त्यात लिहा," ते म्हणाले. मी लिहिलं. न्यासाचा कागद आणि वैद्यकीय निर्देश, दोन्ही तीन दिवसांत तयार झाले. साक्षीदार ठरले, नोटरी खालच्याच गल्लीत. मी फोन केला, उद्या या, सह्या करून टाकू.

कुंदाताई फोनवर घुटमळल्या. "वकीलताई, परवापासून पितृपक्ष लागतोय. घटस्थापनेनंतर चालेल का?"

"उद्या लागत नाहीये ना? उद्याच या."

"तसं नाही. पक्षात ताईंची नवमी असते आमच्याकडे." ताई म्हणजे समीरची आई. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात, अविधवा नवमी म्हणतात तिला. सबनिसांच्या घरी ते दरवर्षी व्हायचं आणि सगळा स्वयंपाक कुंदाताई करायच्या. समीर वर्षातून या एका दिवशी न चुकता, पूर्ण दिवसाची रजा काढून यायचा. "त्या दिवशी मी समीरना पान वाढणार," त्या म्हणाल्या, "आणि आठवड्यापूर्वी घराच्या कागदावर सही घेतलेली असणार. बरं दिसतं का ते? ताईंचं पान वाढायच्या आधीच हिने घर लिहून घेतलं, असं नको व्हायला. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

आम्ही नागपूरचे बौद्ध. वडिलांच्या पिढीपासून आमच्याकडे श्राद्धपक्ष नाही, आणि पितरांना कावळ्यामार्फत निरोप पोचतो यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण दिल्लीत निम्मं आयुष्य परक्या लोकांचे सणवार सांभाळण्यात गेलं. नवरात्रात गिऱ्हाइकाला कांद्याची भजी द्यायची नाहीत, मंगळवारी अमक्याला सहीला बोलवायचं नाही, मलमासात तमक्याची नोंदणी नाही. लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवणारी वकील म्हणून माझा लौकिक होता आणि तो मला आवडायचा. त्या लौकिकापायी मी "चालेल" म्हटलं आणि डायरीत घटस्थापनेनंतरची तारीख टाकली. दुसरी कुणी बाई असती, वसुधाबाईंचा एवढा विचार न करणारी, तर मी तिला दटावून दुसऱ्याच दिवशी आणलं असतं. कुंदाताईंच्या चांगुलपणापुढे मला दटावता आलं नाही.

ठरल्या तारखेला ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. साक्षीदार येऊन बसले होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं, नेहमीप्रमाणे.

"आज कशासाठी आलात, सबनीससाहेब?"

"सही करायची आहे. घराचं आहे काहीतरी."

ठीक आहे. फार छान नाही, पण ठीक.

"घरी कोण कोण असतं?"

"वसुधा असते."

"आणखी कोण?"

"आणखी कोण असणार? मी आणि वसुधा."

"आणि कुंदाताई?"

ते माझ्याकडे अतिशय नम्रपणे बघत राहिले. "माफ करा, मला नाव लक्षात येत नाही हल्ली. ऑफिसातल्या का?"

दाराच्या पलीकडे, जेमतेम सहा फुटांवर, कुंदाताई पिशवीत पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. मी फाइल बंद केली. वीस-बावीस वर्षांपूर्वी गेलेली बायको ज्याच्या घरात वावरते, त्याची सही घेऊन उद्या कोर्टात उभं राहायची माझी तयारी नव्हती. चहा मागवला. त्यांना तो गोड लागला, तसं ते म्हणाले.

बाहेर येऊन कुंदाताईंना सांगितलं, आज सही घेता येणार नाही, डॉक्टरचा दाखला आणा. का, ते विचारल्यावर जे ऐकलं तेही सांगितलं. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी फक्त बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाल्या, "बरं." मेंदूच्या डॉक्टरची वेळ मिळायला दीड महिना लागला, आणि मग दाखला आला तो नकोच असलेला. आता ही व्यक्ती असे निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही. कायद्याने मी बरोबर ठरले. वरातीमागून घोडं आलं आणि तेही लंगडं.

आता सगळं समीरवर होतं. कोर्टात कुंदाताईंना पालक नेमायचं तर त्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र हवं. मी त्याला फोन केला.

"मॅडम, मैं साफ बोलूँ?" तो म्हणाला. "पापांनी स्वतः सही केलेली नाही ना? मग हे त्यांना पाहिजे होतं, हे मी कसं मानू? आणि आंटी अब सत्तर की हैं. पापांना मी माझ्याकडे आणतो. लिफ्ट आहे, दोन अटेंडंट ठेवीन, हॉस्पिटल समोर आहे. ह्यात चुकीचं काय आहे?"

चुकीचं काहीच नव्हतं. कपाटात माझ्याकडे सहीविना दोन कागद पडले होते आणि त्यांतल्या एकात 'एकविसावा मजला नको' असं लिहिलेलं होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं. "ड्राफ्ट तर तुम्हीच केलाय ना, मॅडम," म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. सही नसलेला कागद म्हणजे वकिलाचं हस्ताक्षर, बाकी काही नाही, हे मीच शेकडो लोकांना सांगितलेलं.

कुंदाताई भांडल्या नाहीत. समीरने आधी पंधरा दिवस नेऊन बघायचं ठरवलं, तर त्यांनी औषधांची यादी करून दिली आणि सबनिसांची उशी दिली. मला फोनवर म्हणाल्या, "वकीलताई, समीरनी हो म्हटलं नाही तर ते तिकडेच राहतील, नाही का?" मी म्हटलं, हो. "आणि मला भेटायला जाता येईल?" मी म्हटलं, ते समीरच्या मनावर. एवढ्या वर्षांत मी पुष्कळांना वाईट बातम्या दिल्या, पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी समीर कुंदाताईंना घेऊन माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. मी सवयीने कुंदाताईंना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसता का? समीर म्हणाला, "नको. त्यांनाही ऐकू दे." आणि काल रात्रीच पापांना द्वारकेला परत आणून सोडलं, असं सांगितलं.

"रोज सकाळी बॅग भरायचे, मॅडम. वसुधाकडे जायचंय. दिवसभर तेच. वसुधा वाट बघत असेल. मला वाटलं, आईची आठवण येतेय. यार, मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी कुणीतरी तिचं नाव घेत होतं. मग मी आईचा मोठा फोटो काढला, लग्नातला, त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पापा, ही बघा वसुधा." त्याने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "त्यांनी नीट बघितला. चष्मा लावून. म्हणाले, या कोण? छान आहेत. पण ही वसुधा नाही."

"मग?"

"मी विचारलं, मग वसुधा कोण? तर म्हणाले, अरे, ती नाही का, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरताना माझा हात धरते. रेडिओ लावून कणीक मळते." त्याने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "गुडघ्याचं ऑपरेशन आंटीचं झालंय, मॅडम. माझ्या आईचं नाही."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

माझ्या डोक्यात तो दिवस लख्ख उभा राहिला. घरी कोण असतं, वसुधा असते. मी नाव ऐकलं आणि फाइल मिटली. ती काय करते, कशी दिसते, आत्ता कुठे आहे, यांतला एक प्रश्न मी विचारला असता तर ते कदाचित दाराकडे बोट करून म्हणाले असते, बाहेर बसलीये की. त्याच आठवड्यात धावपळ करून डॉक्टर घरी नेला असता, तर कदाचित सही झालीही असती. कदाचित नसतीही. पण मी विचारलं नाही, कारण माझे प्रश्न तीनच होते आणि त्यांचा मला अभिमान होता.

समीरने प्रतिज्ञापत्र मागितलं. मी ते तयारच ठेवलं होतं. तो वाचू लागला तेव्हा मी कुंदाताईंकडे वळले. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मागच्या वर्षापासून कधीमधी मला वसुधा म्हणायचे," त्या म्हणाल्या. "यंदाच्या नवमीपासून तेच पक्कं झालं. मी हाकेला ओ देते. त्यांना काय दुरुस्त करत बसायचं?"

"अहो, मग त्या दिवशी बाहेर आल्यावर मी सांगितलं, तेव्हा एका शब्दाने बोलायचं होतंत! मी परत आत गेले असते. परत विचारलं असतं."

कुंदाताईंनी समीरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला वाटलं असतं, ही सहीसाठी बनवून सांगतेय."

मला तसंच वाटलं असतं.